कॉलेजातलं संशोधन नक्की कधी होतं, आणि विद्यार्थ्यांना ते दिसत का नाही

प्रश्न असा आहे: “मी एका अनुदानित कॉलेजात बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तास झाला नाही की ‘सर रिसर्चमध्ये बिझी आहेत’ असं कानावर येतं. काहींच्या नावामागे डॉक्टर आहे, विभागाच्या भिंतीवर त्यांच्या पेपरांची यादी आहे, पण वर्गात ते जुन्या वहीतून नोट्स सांगतात. कॉलेजातले प्राध्यापक खरंच संशोधन करतात का? करत असतील तर कसं? आणि आम्हाला त्याचा उपयोग काय?”

करतात. सगळे नाही करत. जे करतात ते बहुतेक रविवारी, दिवाळीच्या आणि मेच्या सुट्टीत, आणि रोज प्रॅक्टिकल संपल्यावर लॅब रिकामी झाली की करतात. मी वनस्पतिशास्त्र शिकवतो. नोकरीची बहुतेक वर्षं सह्याद्रीच्या पायथ्याच्या एका अनुदानित कॉलेजात गेली, पीएचडीच्या विद्यार्थ्यांना मार्गदर्शन केलं, इतर विद्यापीठांचे प्रबंध तपासले. म्हणून माझं उत्तर विज्ञान शाखेच्या अंगानं जाईल. मराठीचे प्राध्यापक गावोगाव फिरून ओव्या गोळा करतात, इतिहासाचे पुण्याच्या पेशवे दफ्तरात बसून मोडी कागद वाचतात, अर्थशास्त्राचे घरोघर जाऊन सर्वेक्षणाचे तक्ते भरतात. तपशील वेगळे असले तरी अडचणी बऱ्याचशा सारख्याच आहेत.

आधी त्या न झालेल्या तासाबद्दल. प्राध्यापक कॉलेजात नसले की ते संशोधनात असतात, हे बहुतेक वेळा खरं नसतं. ते विद्यापीठाच्या कॅप सेंटरवर पेपर तपासायला गेलेले असतात, दुसऱ्या कॉलेजात प्रॅक्टिकल परीक्षेला बाह्य परीक्षक असतात, निवडणुकीच्या प्रशिक्षणाला गेलेले असतात, किंवा कॉलेजातच नॅकच्या, म्हणजे कॉलेजचं मूल्यांकन करणाऱ्या परिषदेच्या, फायली लावत असतात. प्रवेशाच्या दिवसांत खिडकीमागे अर्ज तपासायला बसलेलेही प्राध्यापकच. विद्यार्थ्यांना ही कामं सांगायचं कुणाच्या लक्षात येत नाही, मग शिपाईमामांनाही सोपं पडतं ते ‘रिसर्च’ सांगणं. आणि कुणी खरोखरच तास बुडवून स्वतःच्या पेपरचं काम करत असेल, तर ते चूक आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे सहायक प्राध्यापकानं आठवड्याला १६ तास आणि सहयोगी प्राध्यापक व प्राध्यापक यांनी १४ तास प्रत्यक्ष शिकवायचं आहे. एकूण काम आठवड्याला किमान ४० तासांचं धरलं आहे. संशोधनाची जागा ही शिकवण्याच्या तासांपलीकडच्या वेळात आहे. तुमचा तास ही त्यासाठी कापून घ्यायची गोष्ट नव्हे, आणि याबद्दल विभागप्रमुखांकडे नम्रपणे विचारणा करण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

आता ते काम होतं कसं, ते माझ्याच विषयावरून सांगतो, कारण विद्यार्थ्यांना संशोधन म्हणजे पांढरा कोट आणि महागडं यंत्र एवढंच डोळ्यांसमोर येतं. कोकणातल्या आणि घाटमाथ्यावरच्या सड्यांवर, म्हणजे उघड्या खडकाळ पठारांवर, पावसाळ्यात जे फुलतं, ते वर्षातले जेमतेम तीन महिने. सीतेची आसवं, गेंद, तेरडे, दीपकाडी, सोनकी, सगळं जुलै ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत. नेमकं हेच आपलं पहिलं सत्र. म्हणजे ज्या आठवड्यांत झाडं फुलावर असतात, त्याच आठवड्यांत वर्ग भरलेले असतात. त्यामुळे शनिवारी शेवटचं प्रॅक्टिकल संपवून एसटी पकडायची, रविवारी दिवसभर सड्यावर आणि सोमवारी पहिल्या तासाला वर्गात, असं वेळापत्रक ठरतं. सड्यावर एक मीटर लांब-रुंद चौकट टाकायची, तिच्यात किती जातींची किती रोपं आहेत ते मोजायचं, नोंदवहीत लिहायचं, पुढची चौकट. पाऊस असतोच. पेन चालत नाही म्हणून पेन्सिल.

गेंद ही वनस्पती घ्या. पांढऱ्या बटणासारखी फुलं, सड्यावर सगळीकडे. लांबून सगळे गेंद सारखे दिसतात. जात ओळखायची तर त्या इवल्या डोक्यातलं एकेक फूल सुईनं सोडवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावं लागतं, बियांवरची नक्षी पाहावी लागते. फुलाच्या वेळी गोळा केलेल्या नमुन्यात बी पिकलेलं नसतं. मग पंधरा-वीस दिवसांनी त्याच जागी पुन्हा जायचं. तेवढ्यात कुणी तिथून जांभा काढायला सुरुवात केली असेल किंवा गुरं चरून गेली असतील, तर काम पुढच्या पावसाळ्यावर. आणलेला नमुना जुन्या वर्तमानपत्रांत दाबून ठेवायचा, पावसाळी दमटपणात ते कागद रोज बदलायचे, नाहीतर बुरशी. वाळल्यावर साधारण ४२ बाय २८ सेंटिमीटरच्या जाड कागदावर चिकटवायचा, खाली लेबल लावायचं: जागा, तारीख, समुद्रसपाटीपासून उंची, फुलाचा ताजा रंग, शेजारी काय उगवलं होतं. रंग लिहायलाच हवा, कारण वाळल्यावर तो उरत नाही. या कागदाला हर्बेरियम शीट म्हणतात.

मग ओळख पटवणं. थिओडोर कुक यांच्या मुंबई इलाख्याच्या वनस्पतिकोशापासून सुरुवात होते. तो १९०१ ते १९०८ या काळात निघाला आणि अजूनही उघडावा लागतो. त्यात न जुळलं तर पुण्याला भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या संग्रहात किंवा मुंबईला सेंट झेवियर्स कॉलेजातल्या ब्लॅटर हर्बेरियममध्ये जाऊन जुन्या शीटांशी ताडून पाहायचं. आता लंडनजवळच्या क्यू उद्यानातल्या मूळ नमुन्यांची छायाचित्रं घरबसल्या पाहता येतात, ही मोठी सोय झाली. तरीही पहिल्या चौकटीपासून छापील लेखापर्यंत तीन पावसाळे सहज जातात. छापून येतो तो आठ-दहा पानांचा लेख. तुमच्या विभागाच्या भिंतीवर लागते ती त्याची एक ओळ.

मला सगळ्यात महत्त्वाचं सांगायचं आहे ते इथेच. खरं संशोधन मागे कच्चा माल सोडतं. नोंदवह्या, शीटं, स्लाइडच्या पेट्या, वाया गेलेल्या प्रयोगांची रीडिंग्ज, भरलेले सर्वेक्षणाचे तक्ते, ध्वनिमुद्रणं. ज्यांनी काम केलं आहे त्यांच्या कपाटात हे असतंच आणि बहुतेक जण ते मोठ्या आनंदानं दाखवतात. पदोन्नतीच्या अर्जात या कच्च्या मालाला जागा नाही, नॅकच्या तक्त्यातही नाही. तिथे फक्त छापून आलेलं मोजलं जातं. आणि विद्यार्थ्यांनाही आम्ही तेवढंच दाखवतो. संशोधनाबद्दल तुमच्या मनात जो संशय आहे, त्याचं मूळ मला यात दिसतं.

कॉलेजात शिकवता शिकवता मोठं काम होऊ शकतं, याची उदाहरणं आपल्याकडे आहेत. दामोदर धर्मानंद कोसंबी मूळचे गोव्याचे. १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेत जाण्याआधी ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवत होते. त्याच काळात त्यांनी प्राचीन आहत, म्हणजे ठसे मारलेली, नाणी एकेक करून तराजूत तोलली, कारण हातोहात फिरून नाणं झिजतं आणि वजनातल्या घटीवरून ते किती काळ चलनात होतं याचा अंदाज संख्याशास्त्रानं बांधता येतो. १९४४ मध्ये गुणसूत्रावरच्या जनुकांमधलं अंतर काढण्याचं त्यांचं सूत्र प्रसिद्ध झालं. आजही पिकांचे जनुकीय नकाशे तयार करणारे लोक ‘कोसंबी फंक्शन’ वापरतात. माझ्या जनुकशास्त्राच्या वर्गात हे सांगितलं की मुलं मान वर करतात, कारण सूत्र त्यांना माहीत असतं, पण ते पुण्यातल्या एका कॉलेजात गणित शिकवणाऱ्यानं दिलं हे माहीत नसतं. ज्या ब्लॅटर हर्बेरियमचा वर उल्लेख केला, तेही कॉलेजच्या प्राध्यापकांनीच उभं केलं. फादर ब्लॅटर सेंट झेवियर्समध्ये वनस्पतिशास्त्र शिकवत. त्यांच्यानंतरचे फादर सांतापाव खंडाळ्याच्या डोंगरात वर्षानुवर्षं फिरले, १९५३ मध्ये तिथल्या वनस्पतींवरचा त्यांचा ग्रंथ आला आणि पुढे ते भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे प्रमुख झाले. अलीकडचं उदाहरण हवं असेल तर पुण्याच्या आबासाहेब गरवारे कॉलेजात मिलिंद वाटवे सूक्ष्मजीवशास्त्र शिकवत असताना तिथल्या पदवीच्या मुलांनी केलेलं संशोधन चांगल्या नियतकालिकांत छापून आलं. माधव गाडगीळ यांनी पश्चिम घाटाच्या जैवविविधतेची पाहणी करताना कॉलेजच्या प्राध्यापकांना आणि विद्यार्थ्यांनाच हाताशी धरलं होतं. या सगळ्यांत मला एक गोष्ट समान दिसते: प्रश्न आसपासचा होता, साधनं मोजकी होती, आणि माणूस एका विषयाला वर्षानुवर्षं धरून राहिला.

धरून राहणं हेच आज सर्वांत कठीण झालं आहे. कारवीचं पाहा. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात ती २००८ मध्ये फुलली, मग २०१६ मध्ये, मग २०२४ मध्ये. आठ वर्षांतून एकदा. तिच्या फुलोऱ्यावर कुणाला काम करायचं असेल तर दोन फुलोऱ्यांमधल्या काळात पदवीच्या दोन-तीन तुकड्या येऊन जातात, पदोन्नतीचे एक-दोन टप्पे येऊन जातात. कुठल्याही टप्प्यावर ‘अजून फुललेली नाही’ या उत्तराला गुण नाहीत. मग माणूस कारवी सोडतो आणि असा विषय घेतो की ज्यात सहा महिन्यांत काहीतरी छापता येईल.

हे कसं घडत गेलं ते थोडं समजून घ्या, म्हणजे भिंतीवरची यादी वाचता येईल. आयोगाच्या २०१० च्या नियमांनी पदोन्नतीसाठी गुणांकन आणलं. रेफरीड, म्हणजे तज्ज्ञांकडून तपासून मगच छापणाऱ्या, नियतकालिकातल्या लेखाला १५ गुण, इतर मान्यताप्राप्त नियतकालिकातल्या लेखाला १०, परिषदेत निबंध वाचला की गुण, पुस्तकात प्रकरण लिहिलं की गुण. हेतू चांगला होता, प्राध्यापकांनी वाचावं-लिहावं असा. पण जिथे लॅब नाही, ग्रंथालयात नियतकालिकं नाहीत, आठवड्याला १६ तास शिकवणं आहे, तिथेही तेच गुण मागितले गेले. मागणी तयार झाली आणि ती पुरवणारी दुकानं उघडली. दोन-चार हजार रुपये भरा, आठवड्यात लेख छापून घ्या, आयएसएसएन या नियतकालिकाच्या नोंदणी क्रमांकासह प्रमाणपत्र घ्या. आयोगानं मान्य नियतकालिकांची यादी काढली, तर ही दुकानं त्या यादीतही शिरली. पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठातल्या भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये त्या यादीची चिरफाड केली. विद्यापीठांच्या शिफारशीनं यादीत आलेल्या नियतकालिकांचे नमुने त्यांनी तपासले आणि त्यातली ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट ठरली. कुणाचा पत्ता खोटा, कुणाचे संपादक नावालाच. त्याच वर्षी मे महिन्यात आयोगानं ४,३०५ नियतकालिकं यादीतून काढून टाकली. मग ‘केअर’ नावाची नवी यादी आली, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तीही बंद करून नियतकालिक निवडण्याची जबाबदारी प्राध्यापकांवर आणि संस्थांवर सोपवली गेली.

या सगळ्या काळात ज्यांनी पैसे भरून लेख छापले त्या सगळ्यांना मी एकाच रांगेत उभं करणार नाही. काहींनी जाणूनबुजून केलं, ते निषेधार्हच आहे. पण लहान गावातल्या कॉलेजात एकट्यानं विभाग चालवणाऱ्या, कधी कुणी लेख कसा लिहितात हे शिकवलेलं नसलेल्या अनेकांनी प्रामाणिक काम अशा ठिकाणी छापलं, आणि ते काम वाया गेलं. मला त्याचं फार वाईट वाटतं. त्यांच्या वह्यांत चांगली निरीक्षणं होती.

भिंतीवरची यादी वाचायची एक पद्धत सांगतो. एकाच माणसाचे वर्षात दहा-बारा लेख असतील, विषय एकमेकांशी संबंध नसलेले असतील आणि नियतकालिकाच्या नावात ‘इंटरनॅशनल’ आणि ‘मल्टिडिसिप्लिनरी’ असे शब्द असतील, तर थांबून विचार करा. उलट दोन-तीन वर्षांत एखादाच लेख, पण तो आधीच्या लेखाच्या पुढचा, त्याच डोंगराबद्दल, त्याच नदीबद्दल, त्याच किडीबद्दल असेल, तर त्या सरांना किंवा मॅडमना जाऊन भेटा. लेख इंटरनेटवर शोधा. बरेचसे मोफत मिळतात, आणि कॉलेजनं एन-लिस्टची, म्हणजे कॉलेजांना नियतकालिकं आणि पुस्तकं ऑनलाइन पुरवणारी, सेवा घेतली असेल तर ग्रंथपालांकडून लॉगिन मागून घ्या. पहिल्यांदा अर्धं कळणार नाही. पद्धतीचा भाग तेवढा वाचा: नमुने कुठून घेतले, किती घेतले, किती वेळा मोजले. तिथे हात आखडता घेतलेला असेल तर शंका घ्यायला जागा आहे.

विद्यार्थी आम्हाला कसं पाहतात याबद्दलही तुम्ही अप्रत्यक्षपणे विचारलं आहे. पदवीचा विद्यार्थी आम्हाला वर्गात पाहतो आणि शिकवण्यावरूनच मत बनवतो. नोट्स नीट मिळतात का, पेपरच्या दृष्टीनं सांगतात का, इंटर्नलला मार्क देताना हात सैल आहे का. यात गैर काही नाही. त्याच्यासमोर तेवढंच असतं. एमएस्सीचा विद्यार्थी लॅबमध्ये पाहतो. सर स्वतः यंत्राला हात लावतात की सगळं लॅब असिस्टंटवर सोडतात, चुकलेल्या प्रयोगावर चिडतात की कारण शोधतात, हे त्याला कळतं. त्याचं मत जास्त अचूक असतं, असा माझा अनुभव आहे. पीएचडीचा विद्यार्थी मात्र गाइडकडे सहीच्या वेळी जातो. सहामाही प्रगती अहवाल, संशोधन सल्लागार समितीची बैठक, सिनॉप्सिस, प्रबंध, प्रत्येक टप्प्यावर गाइडची सही लागते. त्यामुळे तो मनात काय आहे ते बोलत नाही. म्हणून ‘सर संशोधक म्हणून कसे आहेत’ हे त्याला विचारून नेहमी खरं उत्तर मिळेल असं नाही. त्याचा प्रबंध झाल्यावर दोन वर्षांनी विचारा.

हुशार संशोधक वाईट शिकवतो, ही समजूत विद्यार्थ्यांत घट्ट आहे. अशी माणसं मी पाहिली आहेत. पण त्याहून जास्त पाहिली आहेत ती संशोधन थांबवल्यावर शिकवणंही थांबलेली. स्वतःचा प्रश्न संपला की पुस्तकातल्या वाक्यावर शंका घेण्याची सवय जाते, आणि मग वहीतून नोट्स सांगणं सुरू होतं. ज्याला गेल्या पावसाळ्यात पुस्तकात नसलेलं काहीतरी दिसलं आहे, तो पुस्तक शिकवताना मध्येच थांबतो आणि म्हणतो, “हे असं लिहिलंय खरं, पण आपल्याकडे मला वेगळं दिसलं.” विद्यार्थ्यांना अशा थांबण्याचा कधी कधी कंटाळा येतो, अभ्यासक्रम राहील अशी भीती वाटते. पण वर्षांनंतर भेटणारे माजी विद्यार्थी नेमक्या त्याच तासांची आठवण काढतात.

दोन गोष्टी विद्यार्थ्यांच्या नजरेतून नेहमी सुटतात. पहिली, तासिका तत्त्वावर काम करणारे प्राध्यापक. विद्यार्थ्यांना ‘सर’ म्हणजे सर, कोण कायम आणि कोण तासिकेवर हे त्यांना माहीत नसतं. या शिक्षकांना घेतलेल्या तासांपुरतं मानधन मिळतं, तेही महिनोन्महिने रखडतं, आणि सुट्टीच्या काळात काही नाही. संशोधनासाठी रजा नाही, निधी नाही, अनेकदा बसायला टेबल नाही. यातले कितीतरी जण सेट-नेट या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षा उत्तीर्ण झालेले, पीएचडी झालेले आहेत. तरीही मी अशा शिक्षकांना सकाळी एका कॉलेजात, दुपारी दुसऱ्या कॉलेजात तास घेऊन रात्री लेख लिहिताना पाहिलं आहे. जागा भरल्या जात नाहीत, हा महाराष्ट्रातल्या कॉलेज-संशोधनावरचा सगळ्यात मोठा आघात आहे, आणि त्याची नोंद कुठल्याही क्रमवारीत होत नाही.

दुसरी गोष्ट मॅडमांची. क्षेत्रभेटीला मुक्काम करावा लागतो, मुक्कामाला घरून अडचण येते, सोबतीला कोण हा प्रश्न येतो. म्हणून वनस्पतिशास्त्रात अनेक जणींनी डोंगरावरचे विषय सोडून लॅबमधले विषय घेतले. लॅबमध्येही पाचनंतर थांबणं त्यांना अवघड जातं, कारण घरी दुसरी पाळी असते. विद्यार्थी सहज म्हणतात, ‘मॅडम लगेच घरी जातात.’ ज्या मॅडम हे सगळं सांभाळून दरवर्षी स्वतःच्या पैशानं नमुने गोळा करतात, त्यांच्याबद्दल मला अपार आदर आहे.

पैशाचंही थोडक्यात सांगतो. पूर्वी विद्यापीठ अनुदान आयोगाचे लघु संशोधन प्रकल्प मिळत, त्यातून सूक्ष्मदर्शक, रसायनं, प्रवास भागत असे. तो मार्ग बंद झाल्यावर काही विद्यापीठांचा छोटा निधी, बायोटेक्नॉलॉजी विभागाची स्टार कॉलेज योजना मिळालेली कॉलेजं आणि स्वतःचा खिसा एवढंच उरलं. मोठे राष्ट्रीय निधी मागायला कॉलेजचा प्राध्यापक जातो तेव्हा त्याची स्पर्धा आयआयटी आणि आयसरशी असते. म्हणून मी नव्या सहकाऱ्यांना सांगतो, यंत्रावर अवलंबून असलेला प्रश्न घेऊ नका. पायी जाऊन उत्तर मिळेल असा प्रश्न घ्या. सह्याद्री शेजारी आहे, ही आपली लॅब कुणी काढून घेऊ शकत नाही.

आता तुमच्या उपयोगाचं. नव्या शैक्षणिक धोरणात पदवीच्या विद्यार्थ्यांना क्षेत्र-प्रकल्प करावा लागतो, आणि चौथं वर्ष संशोधनासह घेण्याची सोय आहे. आयोगाच्या आराखड्याप्रमाणे पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण असतील तर ते घेता येतं आणि त्यात १२ क्रेडिटचा प्रकल्प असतो. त्यासाठी गाइड तिसऱ्या वर्षाच्या शेवटी शोधू नका. आत्ताच, दुसऱ्या वर्षी, एखाद्या सरांना किंवा मॅडमना प्रॅक्टिकलनंतर गाठा आणि विचारा, “तुमचं सध्या कशावर काम चालू आहे? मला तुमची नोंदवही पाहता येईल का?” एवढ्या प्रश्नातून खूप काही कळतं. काम चालू असेल तर कपाट उघडलं जातं. काम बंद असेल तर लेखांची यादी दाखवली जाते, किंवा ‘नंतर ये’ असं उत्तर येतं. ‘नंतर ये’ दोनदा ऐकलंत तर दुसरं दार ठोठवा, मनाला लावून घेऊ नका.

कपाट उघडलं गेलं तर सुरुवातीला मिळणारं काम कंटाळवाणं असेल: लेबलं लिहिणं, चौकटी मोजणं, बिया वेगळ्या करणं. ते मन लावून करा, त्यातच डोळा तयार होतो. पण काही गोष्टी पहिल्याच आठवड्यात स्पष्ट करून घ्या. तुम्ही गोळा केलेल्या माहितीवर लेख झाला तर त्यात तुमचं नाव असेल का, हे सरळ विचारा. विचारण्यात उद्धटपणा नाही, आणि चांगला गाइड या प्रश्नानं खूशच होतो. मुलांनी गोळा केलेली माहिती, आणि लेखावर फक्त गाइड आणि गाइडच्या मित्रांची नावं, हे मी जवळून पाहिलं आहे. गाइडची घरची कामं, बँकेच्या चकरा, त्यांच्या मुलांना शाळेतून आणणं हे संशोधनात मोडत नाही. तुमची स्वतःची नोंदवही वेगळी ठेवा, तारखेसह, आणि दर महिन्याला तिचे फोटो काढून ठेवा. दुसऱ्याचं लिखाण उचलू नका. आयोगाच्या २०१८ च्या वाङ्मयचौर्यविरोधी नियमांप्रमाणे प्रबंधात १० टक्क्यांपर्यंतचं साम्य खपतं, त्यापुढे टप्प्याटप्प्यानं कारवाई आहे. पण टक्केवारीचा विचार करून लिहिणाऱ्याला लिहिता येत नाही, हे त्याहून मोठं नुकसान आहे.

पीएचडी करून प्राध्यापक व्हायचं मनात असेल तर गाइडवर किती विद्यार्थी आहेत ते आधी पाहा. नियमानं प्राध्यापकाला एका वेळी ८, सहयोगी प्राध्यापकाला ६ आणि सहायक प्राध्यापकाला ४ विद्यार्थी घेता येतात. जागा रिकामी आहे म्हणून विषय घेऊ नका, विषय आवडला म्हणून गाइड शोधा, भले त्यासाठी एक वर्ष थांबावं लागलं तरी. सेट किंवा नेट आधी काढून ठेवा. २०२३ पासून सहायक प्राध्यापकाच्या नेमणुकीला पीएचडी सक्तीची नाही, सेट-नेट मात्र उपयोगी पडतेच.

आणि या वर्षीच करता येईल असं एक काम. पीएचडीची शेवटची तोंडी परीक्षा खुली असते, कुणालाही बसता येतं. विद्यापीठ तिची सूचना काढते, तारीख विभागात विचारली तरी कळते. एक-दोनदा जाऊन मागच्या बाकावर बसा. जाण्याआधी त्याच गाइडकडे आधी झालेला एखादा प्रबंध ‘शोधगंगा’ या प्रबंधांच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्या, मोफत आहे. परीक्षक काय विचारतात, उमेदवार कुठे अडतो, आणि तो अडल्यावर गाइड त्याच्या वतीनं बोलतो की त्याला विचार करायला वेळ देतो, हे नीट पाहा. उमेदवारानं आपली शीटं, स्लाइडी, वह्या टेबलावर मांडून ठेवल्या असतील तर परीक्षा संपल्यावर पुढे जाऊन त्या चाळायला मागा. त्या दिवशी कुणी नाही म्हणत नाही.